बांधकाम क्षेत्रातलं प्रशिक्षण: आठवी पास मुलापासून अनुभवी मिस्त्रीपर्यंत, कोणासाठी काय आहे?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत दोन प्रकारचे पालक येतात. पहिले विचारतात, "टीचर, सायन्सला टाकू की कॉमर्सला?" दुसरे काहीच विचारत नाहीत. ते फक्त दाखला घ्यायला आलेले असतात, कारण मुलगा सोमवारपासून मामूंबरोबर साईटवर जाणार असतो. हा लेख या दुसऱ्या पालकांसाठी आहे.

साईटवर काम करण्यात कमीपणा अजिबात नाही. आपल्या समाजात गवंडी, लादीवाले, सुतार, प्लंबर, वेल्डर, रंगारी, पीओपीवाले पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उपनगरातल्या निम्म्या मुलांचे अब्बा, चाचा किंवा मामू यातलंच काहीतरी करतात. प्रश्न हुनराचा नाही, तो हातात असतोच. प्रश्न त्या हुनराच्या कागदाचा आहे.

काही महिन्यांपूर्वी घाटकोपर स्टेशनजवळ माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आठ वर्षांपूर्वी दहावी पास होऊन तो लादीच्या कामाला लागला. आज त्याचा हात इतका साफ आहे, की लोक त्याला नाव घेऊन बोलावतात. पण एका मोठ्या कंपनीच्या साईटवर गेला तेव्हा पहिला प्रश्न आला, "सर्टिफिकेट आहे?" नव्हतं. त्याला हेल्पर म्हणून घेतलं आणि हजेरीही हेल्परचीच लावली. त्याच्याच वर्गातल्या, त्याच्यापेक्षा कमी मार्क मिळालेल्या मुलाने दोन वर्षांचा सर्व्हेअरचा आयटीआय केला होता. तो आज साईटवर टोटल स्टेशन लावून खांबांच्या जागा आखून देतो. दोघेही मेहनती आहेत. फरक फक्त दोन वर्षांच्या तालीमचा आहे.

काम आहे, पण ते बदललं आहे

आपल्या डोळ्यांसमोर उपनगरं बदलली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. दहिसरहून अंधेरीकडे येणाऱ्या २अ आणि ७ या मार्गिकांचा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ ला आणि उरलेला जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंडमार्गे ठाण्याच्या कासारवडवलीकडे जाणारी मेट्रो ४ आपल्याच रस्त्यांवर उभी राहिली. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता सुमारे १२.२ किलोमीटरचा आहे आणि त्यात राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. शिवाय चाळी आणि जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास गल्लोगल्ली चालू आहे.

पण या साईटवरची कामाची पद्धत आता जुनी राहिलेली नाही. लाकडी सेंट्रिंगच्या जागी ॲल्युमिनियमचं शटरिंग आलं, ज्याला साईटवर सगळे "मायवन" म्हणतात. काँक्रीट घमेल्याने नाही, आरएमसीच्या गाडीतून आणि पंपाने येतं. आखणी दोरी-ओळंब्यावर संपत नाही, टोटल स्टेशनने होते. नकाशा कागदावर नाही, संगणकावर असतो. ज्याला हे वाचता येतं तो वर चढतो. ज्याला येत नाही तो वीस वर्षांनंतरही नाक्यावर उभा असतो.

वर्गात मुलं विचारतात, "टीचर, वर्ग-वर्गमूळ शिकून काय फायदा?" मी त्यांना सळईचा हिशोब देते. सळईच्या जाडीचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करा आणि १६२ ने भागा. एक मीटर सळईचं वजन किलोमध्ये मिळतं. १२ मिमीच्या सळईचं: १४४ भागिले १६२, म्हणजे साधारण ०.८९ किलो. १२ मीटर लांबीच्या १०० सळया आल्या तर वजन सुमारे १,०६७ किलो भरायला हवं. ज्या मुलाला हे येतं, त्याला ट्रकमधून माल कमी उतरला तर लगेच कळतं. मुकादम आणि बिगारी यांच्यातलं अंतर बऱ्याचदा एवढंच असतं.

आठवी पास, किंवा दहावी राहिलेल्या मुलासाठी

दहावीत नापास झाला म्हणजे सगळे दरवाजे बंद, हा गैरसमज आहे. आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली. तिच्यातले बांधकामाशी जवळचे काही ट्रेड आठवी पास मुलालाही मिळतात:

• मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर), म्हणजे गवंडीकाम: १ वर्ष
• वेल्डर: १ वर्ष
• वूड वर्क टेक्निशियन, म्हणजे सुतारकाम: १ वर्ष
• वायरमन: २ वर्षं
• पेंटर (जनरल): २ वर्षं

प्लंबरचा ट्रेडही १ वर्षाचा आहे. त्याची शैक्षणिक अट त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत बघून घ्या. आयटीआयसाठी वय किमान १४ वर्षं लागतं.

एक सल्ला मात्र देते. जमलं तर दहावी पूर्ण करूनच पुढे जा. पुरवणी परीक्षा असते, मुक्त विद्यालय असतं. दहावीचा कागद पुढे किती ठिकाणी कामाला येतो, ते या लेखात पुढे दिसेलच.

दहावी पास मुला-मुलींसाठी

इथे पर्याय वाढतात. गणित-विज्ञानासह दहावी पास असाल तर हे ट्रेड बघा:

• ड्राफ्ट्समन (सिव्हिल): २ वर्षं. इमारतीचे नकाशे काढणं आणि वाचणं, संगणकावर ऑटोकॅड, मालाचा अंदाज काढणं.
• सर्व्हेअर: २ वर्षं. लेव्हल, थिओडोलाईट, टोटल स्टेशन यांनी मोजणी आणि आखणी.
• इलेक्ट्रिशियन: २ वर्षं. याला प्रवेशाची चुरस सगळ्यात जास्त असते.
• रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग टेक्निशियन: २ वर्षं. टॉवर, हॉस्पिटल, मॉल सगळीकडे गरज.
• इंटेरिअर डिझाईन अँड डेकोरेशन: १ वर्ष.

मुलुंड, बोरिवली, अंधेरी आणि कुर्ला इथे शासकीय आयटीआय आहेत. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक ट्रेड नसतो आणि यादी बदलत राहते. म्हणून "आमच्या जवळच्या आयटीआयला नाही म्हणाले" एवढ्यावर थांबू नका, चारही ठिकाणची यादी बघा. अलीकडे राज्यातल्या बऱ्याच आयटीआयना थोर व्यक्तींची नावं दिली गेली आहेत. फाटकावर वेगळं नाव दिसलं तर गोंधळून जाऊ नका.

प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडून ऑनलाईन होतो. दहावीच्या निकालानंतर अर्ज सुरू होतात. अर्ज भरून झाल्यावर तो आयटीआयमध्ये जाऊन कागदपत्रांसह निश्चित करावा लागतो. दर वर्षी काही मुलं सायबर कॅफेत फॉर्म भरतात आणि निश्चितीला जात नाहीत, मग नाव यादीत येत नाही. त्यानंतर ट्रेड आणि संस्थेचे पसंतीक्रम भरायचे असतात. फक्त इलेक्ट्रिशियन भरून बसू नका. सर्व्हेअर आणि ड्राफ्ट्समनही लिहा, कारण त्यांची किंमत आपल्या लोकांना अजून नीट कळलेली नाही.

आपल्या समाजासाठीच्या जागा आणि सवलती

यात तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली, अल्पसंख्याक पाळी. राज्यात अल्पसंख्याक विकास विभाग २००८ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याकांसाठी जादा पाळ्या सुरू झाल्या. त्यांत ७० टक्के जागा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या असतात. अर्ज करताना "अल्पसंख्याक" हा पर्याय नीट भरा आणि जवळच्या आयटीआयमध्ये "इथे अल्पसंख्याक पाळी आहे का?" असं स्पष्ट विचारा.

दुसरी, जातीच्या दाखल्यावरचं आरक्षण. मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. छप्पर शाकारणं हा ज्यांच्या नावातच आहे, त्यांच्या मुलांनी बांधकामाच्या शिक्षणात दाखल्याअभावी मागे राहू नये. दाखल्याबरोबर नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र लागतं. हे कागद जून महिन्यात धावपळ करून मिळत नाहीत. मुलगा नववीत असतानाच सुरुवात करा.

तिसरी, आर्थिक दुर्बल घटक. ज्यांना वरचं कोणतंही आरक्षण लागू नाही आणि ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढावं.

केंद्र सरकारची "सीखो और कमाओ" ही अल्पसंख्याक तरुणांसाठीची योजना २०१३-१४ मध्ये सुरू झाली होती. आता ती "पीएम विकास" या एकत्रित योजनेत सामील केली आहे. जुन्या नावाने कोणी फॉर्म विकत असेल तर सावध राहा.

पॉलिटेक्निक: सुपरवायझर आणि इंजिनिअरचा रस्ता

दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिल इंजिनिअरिंग डिप्लोमा करता येतो. त्यासाठी दहावीला किमान ३५ टक्के लागतात, पण चांगल्या कॉलेजात जागा गुणवत्तेवरच मिळते. वांद्रे पूर्वेला खेरवाडीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, विलेपार्ल्यात भगुभाई मफतलाल पॉलिटेक्निक आहे, माटुंग्यात १८८७ पासूनचं व्हीजेटीआय आहे.

आपल्या समाजाच्या संस्थांपैकी अंजुमन-ए-इस्लामचं (स्थापना १८७४) भायखळ्याचं साबू सिद्दीक संकुल सगळ्यांना माहीत आहे. तिथे १९३६ पासून तांत्रिक शिक्षण दिलं जातं आणि पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलचा डिप्लोमा आहे. अल्पसंख्याक संस्था असल्यामुळे मुस्लीम मुलांसाठी तिथे वेगळा कोटा असतो. मुलुंड-घाटकोपरच्या मुलांना तर भायखळा एकाच लोकलने गाठता येतं.

बऱ्याच पालकांना माहीत नसलेली एक गोष्ट. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झाल्यावर डिग्रीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआय हा शेवट नाही, पायरी आहे. घरची परिस्थिती अवघड असेल तर आधी आयटीआय, मग दोन-तीन वर्षं नोकरी, मग डिप्लोमा, असंही चालतं.

आयटीआयनंतर: ॲप्रेंटिसशिप

आयटीआय झाला आणि मुलगा घरी बसला, असं होऊ देऊ नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनी ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलेलं आहे. रक्कम थोडी वाटते, पण शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. सरकारी आणि मोठ्या खासगी नोकरभरतीत ते विचारलं जातं. नोंदणी ऑनलाईन होते आणि आयटीआयमधले निदेशक त्यात मदत करतात.

जे आधीच काम करतात त्यांच्यासाठी

आता त्या लादीवाल्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याचं वय २४, घरात बायको, लहान मूल. तो दोन वर्षं आयटीआयला बसू शकत नाही. त्याच्यासाठी दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता आरपीएल, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कौशल्याची मान्यता. प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि आरपीएल हा तिचाच भाग आहे. यात पहिल्यापासून शिकवत नाहीत. थोडी उजळणी आणि सुरक्षिततेची माहिती देतात, मग प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावतात आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र देतात. गवंडी, लादी बसवणारा, बार बेंडर, शटरिंगचा सुतार, परांची बांधणारा, अशा कामांसाठी बांधकाम क्षेत्राची कौशल्य परिषद आहे. प्लंबरसाठी वेगळी परिषद आहे. योजनेच्या चौथ्या टप्प्यात आरपीएलसाठी वय १८ ते ५९ ठेवलं आहे. बॅच कायम चालू नसतात, त्यामुळे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात चौकशी करून नाव देऊन ठेवा.

दुसरा रस्ता पीएम विश्वकर्मा. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत गवंडी आणि सुतार दोन्ही आहेत. ५ ते ७ दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. त्यापुढे तारणाशिवाय आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकतं. आपल्याकडे बरेच जण व्याज ऐकून सगळी योजनाच सोडून देतात. कर्ज घेणं सक्तीचं नाही. कर्ज नको असेल तर प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि अवजारांचा लाभ तेवढा घ्या. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला अर्ज करता येतो आणि नोंदणी आधारच्या आधारे सीएससी केंद्रात होते.

याशिवाय काही मोठ्या कंपन्या स्वतःची प्रशिक्षण केंद्रं चालवतात. एल अँड टीचं बांधकाम कौशल्य प्रशिक्षण केंद्र पनवेलला आहे. तिथे सळईकाम, फॉर्मवर्क, गवंडीकाम, परांची, वायरिंग अशी कामं सुमारे ३ महिन्यांत मोफत शिकवली जातात. मात्र पुढे काम मिळालं तर साईट देशात कुठेही असू शकते, याची घरच्यांनी आधीच तयारी ठेवावी.

शिकून नेमकं काय वेगळं येतं?

"बीस साल से काम करतो, मला काय शिकवणार?" असं मिस्त्री लोक म्हणतात आणि त्यांचा राग मी समजू शकते. तरी दोन उदाहरणं देते.

काँक्रीट कडक वाटलं की साईटवर सर्रास पाणी ओततात. काम सोपं होतं, पण पाणी वाढलं की ताकद कमी होते. म्हणूनच ३० सेंटिमीटर उंचीच्या साच्यात स्लम्प टेस्ट घेतात आणि १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ७ आणि २८ दिवसांनी तपासतात. तसंच क्युरिंगचं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओल धरावी लागते. आज बाजारातली बरीचशी पोती मिश्र सिमेंटचीच असतात. दोन-तीन दिवस पाणी मारून थांबलं तर पाच वर्षांनी स्लॅबमधून गळणारं पाणी मिस्त्रीचंच नाव खराब करतं.

दुसरं उदाहरण जिवाचं आहे. साईटवरचे बरेच अपघात उंचीवरून पडून होतात. पूर्ण अंगाचा पट्टा कसा घालायचा, त्याचा हूक कुठे अडकवायचा, परांची कोणी तपासायची, लिफ्टच्या खड्ड्याभोवती कठडा का हवा, हे प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा तिसऱ्या मजल्यावरून पडले. कमरेला पट्टा होता, पण तो कुठेच अडकवलेला नव्हता. त्यांचा जीव वाचला, पण त्या वर्षी मुलीची शाळा सुटली. आपली मुलं १८ पूर्ण होण्याआधी परांचीवर चढवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

परवाना: स्वतःच्या नावाने काम घ्यायचं असेल तर

वायरिंगचं काम कायद्याने परवाना असलेल्या माणसानेच करायचं असतं. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय केलेल्याला राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडे वायरमनच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. जुने लोक अजून त्याला पीडब्ल्यूडी लायसन्स म्हणतात. पुढे अनुभवाने आणि परीक्षेने पर्यवेक्षक, मग कंत्राटदार अशा पायऱ्या आहेत. त्याचप्रमाणे महानगरपालिकेकडे पाण्याच्या जोडणीचा अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत करावा लागतो. हातात हुनर असूनही परवाना नसेल तर काम आपण करतो, सही दुसरा करतो आणि मोठा वाटाही तोच घेतो.

बांधकाम कामगार मंडळ: वडिलांची नोंदणी, मुलांचं शिक्षण

बांधकामावर १ टक्का उपकर घेऊन तो पैसा कामगारांसाठी वापरायचा, अशी तरतूद १९९६ च्या कायद्यांनी केली. त्यातूनच राज्याचं इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ उभं राहिलं. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम, या मुख्य अटी आहेत. लादी, प्लंबिंग, वायरिंग, रंगकाम, सुतारकाम करणारेही यात बसतात, फक्त विटा रचणारेच नाही.

मंडळाच्या जाहीर योजनांप्रमाणे नोंदणी जिवंत असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शैक्षणिक मदत मिळते: पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,००० रुपये, अकरावी-बारावी १०,००० रुपये, पदविकेसाठी २०,००० रुपये आणि अभियांत्रिकी पदवीसाठी ६०,००० रुपये. दहावी-बारावीला ५० टक्क्यांहून जास्त गुण असतील तर १०,००० रुपये वेगळे. शाळेतल्या हजेरीची अट असते, हे मी शिक्षिका म्हणून खास सांगते. दर वर्षी नूतनीकरण विसरू नका. ९० दिवसांचा दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात, म्हणून काम संपायच्या आतच तो मागून घ्या.

गल्फला जायचं असेल तर

आपल्या घरांत हा विषय निघतोच. इथे दहावीचा कागद पुन्हा महत्त्वाचा ठरतो. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर लागतो आणि सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहरीनसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी परवानगी घ्यावी लागते. सौदीने प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी टेक्निशियन अशा कामांसाठी व्हिसाआधी कौशल्य चाचणी लावली आहे आणि तिची केंद्रं भारतात आहेत. म्हणजे "तिकडे गेल्यावर शिकेल" हे दिवस संपत चालले आहेत.

एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. एजंटला सेवेसाठी ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याहून जास्त मागितले की समजून जा.

मुलींचं काय?

ड्राफ्ट्समन, सर्व्हेअर, इंटेरिअर आणि सिव्हिल डिप्लोमा, हे सगळं मुलींसाठीही आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागाही असतात. नकाशे, अंदाजपत्रक, बिलं तपासणं ही कामं आर्किटेक्ट आणि बिल्डरच्या ऑफिसात बसून होतात. "साईटवर कशी पाठवू?" म्हणणाऱ्या पालकांनी एकदा जवळच्या आयटीआयचा वर्ग स्वतः बघून यावा.

फसवणूक कशी ओळखायची?

"सहा महिन्यांत सिव्हिल डिप्लोमा, सरकारमान्य, शंभर टक्के जॉब" असे बोर्ड स्टेशनबाहेर खूप दिसतात. आमच्या एका पालकाने अशा ठिकाणी दागिने गहाण ठेवून पैसे भरले. हातात जो कागद आला तो कुठेच चालला नाही. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रमाणपत्रावर सही कोणाची: एनसीव्हीटी, कौशल्य परिषद, की राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ? संस्थेचा मान्यता क्रमांक काय, आणि तो सरकारी यादीत दिसतो का? याआधीची मुलं कुठे लागली, त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर टाळलं तर उठून या. सरकारमान्य सिव्हिल डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा असतो, सहा महिन्यांचा नसतो.

फाईलमध्ये काय ठेवायचं?

१. आठवी/दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
२. आधार, आणि त्याच्याशी जोडलेला मोबाईल नंबर
३. मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं
४. जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेयर, किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
५. अल्पसंख्याक असल्याचं स्वयंघोषणापत्र
६. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला
७. काम करणाऱ्यांसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला

सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या. "शेख", "शैख" आणि वडिलांचं नाव मागे-पुढे, यामुळे अडकलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. ही दुरुस्ती शाळेत असतानाच सोपी असते.

शेवटची विनंती मोहल्ल्यातल्या जमाती, ट्रस्ट आणि मशिदींच्या जिम्मेदार मंडळींना. फीइतकाच प्रश्न अवजारं, युनिफॉर्म आणि रेल्वे पासचाही असतो. बैतुलमालमधून एका हकदार मुलाच्या दोन वर्षांच्या पासची सोय झाली तर एक घर कायमचं सावरू शकतं. निकालानंतरच्या पहिल्या जुम्म्याला आयटीआय प्रवेशाच्या तारखा नुसत्या वाचून दाखवल्या तरी खूप झालं.

आणि तो लादीवाला विद्यार्थी? त्याने आरपीएलच्या पुढच्या बॅचसाठी नाव दिलं आहे. परवा फोन आला होता, "टीचर, परीक्षेत लिहायला लागतं का?" मी म्हटलं, "बेटा, लादी लावून दाखवायची आहे." तो हसला आणि म्हणाला, "मग पास."